गळ्यात पडायला आलेल्या बाया

मायला मेंदूज्वर झाला आणि तिचं नवं आठवणं तेवढं गेलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं : नवी आठवण रुजवणारा मेंदूचा भाग निकामी झालाय, हातांची सवय दुसरीकडं असते, भीती-माया आणखी तिसरीकडं, ते शाबूत आहे. मला तेवढ्यावरच हायसं वाटलं. माय सुपानं ज्वारी पाखडायची तर एक दाणा खाली पडायचा नाही, आणि पाच मिनिटांनी मलाच विचारायची, "तू कवा आलीस गं?"

मग अप्पा गेले. कळंबच्या बाजारात, बसल्या जागी. मायला सांगितलं तेव्हा ती ऊर बडवून रडली, आणि शेजारचा चहा येईपर्यंत विसरली. "ह्यांनी काय खाल्लं का?" म्हणाली. मी ठरवलं, आता पुन्हा सांगायचं नाही. बाजारला गेलेत म्हणायचं.

पण आमच्याकडं दुःखाला आलेली बाई दारातूनच हेल काढते आणि जिचा नवरा गेला तिच्या गळ्यात पडते. येडशीहून, नळदुर्गाहून जीपा भरून बाया आल्या. प्रत्येक बाई मिठी मारून "तुजं कुकू गेलं गं" म्हणायची, आणि माय दर वेळी नव्यानं विधवा व्हायची.

मावशीला मी दारातच अडवलं. "अवो, तिच्या ध्यानात ऱ्हात न्हाय. पुन्यांदा कशाला सांगता?"

"मग गप बसू व्हय? सख्खी भन हाय माजी! लोक तोंडात शेण घालतील," म्हणत मला ढकलून ती आत गेलीच. जळो मेली ती रीत!

हळूहळू माय बिथरायला लागली. अप्पांची वाट ती अजून बघतच होती, पण दारात लुगडं दिसलं की भिंतीकडं सरकायची.

"काय झालं माय?"

"काय की. लई भ्या वाटतंय."

तेव्हा कुठं मला डॉक्टरांचं बोलणं उमगलं. बातमी रुजली नव्हती. भीती तेवढी रुजली होती.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. दार राखायच्या नादात मी अजून रडलेच नव्हते. माय अंगणात पाखडत बसली होती. तिला कसलं तेरावं ठाऊक! वाटलं, एकदा तिच्या गळ्यात पडावं, काही न बोलता. बाप माझाही गेला होता. मी हात पसरून पुढं झाले.

मायनं सूप छातीशी ओढलं. ज्वारी अंगणभर सांडली.

"नगं गं लेकी," ती म्हणाली, "नगं जवळ येऊ."