हात वर

"तुझा बाप फोन बनवतो ना? मग तुझ्या हातात कुठाय?"

चेन्नईत, अड्यारच्या बसस्टॉपवर, अख्ख्या वर्गासमोर, तिने तमिळमध्ये विचारलं. ती एका डॉक्टरांची मुलगी. आम्ही दोघी अकरावीत. डोक्यावर मोठं होर्डिंग, त्यावर हसरी पोरगी, हातात बाबांच्या कंपनीचा फोन, आणि खाली लिहिलेलं: हातात नाही? मग तू कोण? ती ओळ तिने मला मोठ्याने वाचायला लावली. मी वाचली. त्याची लाज अजून जात नाही.

बाबा परभणीचे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात फोनची झाकणं बसवायचे. त्या संध्याकाळी ते दमून घरी आले. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. उलट मीच म्हणाले, "रोज एवढे फोन हाताखालून जातात. एक आणा ना खिशात घालून. कोणाला कळतंय?"

बाबांनी डबा मोरीत ठेवला.

पुढच्या महिन्यात कंपनीने कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं. केक दिला, फुगे दिले. निघताना गेटवर आम्हाला सोडलं, बाबांना थांबवलं. कोणी सांगायच्या आत त्यांनी हात वर केले. रोजच्या झडतीची सवय. माझ्याहून थोडा मोठा असेल तो गार्ड. त्याने बाबांची कंबर चाचपली, खिसे उलटे केले, बूट काढायला लावले. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मला माझंच वाक्य ऐकू येत होतं.

दोन दिवसांनी त्यांनी माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. हप्त्यावर फोन. खाली त्यांची सही. मी तो टराटरा फाडला. बाबा खाली बसून तुकडे गोळा करायला लागले.

"दुसरा रंग पाहिजे होता का, माय?"

काही वर्षांनी बाबा वारले. मी माफी मागितलीच नाही. आजही कोणाच्या हातात नवा फोन दिसला की मला आधी ते वर गेलेले दोन हात दिसतात.

आता मी शाळेत शिकवते. वर्गात कोणी कोणाला बुटांवरून, फोनवरून खिजवलं की पुस्तक मिटते आणि हे सगळं सांगते. चोरीचं वाक्यही गाळत नाही. पोरं माना खाली घालतात. घालू देत. होर्डिंगने विचारलं होतं, तू कोण? मी उत्तर देते: बापाला चोरी करायला सांगणारी पोर. ती मी पुन्हा होणार नाही. माझ्या वर्गातल्या एकालाही होऊ देणार नाही.