लुगड्याच्या काठाची गाठ

ज्वारीची कणसं चिकात आली की शिवारात एक कोवळा, दुधाळ वास भरून राहायचा... राखणीसाठी उभारलेल्या उंच माळ्याच्या चारही बाजूंनी डोक्यावरून जाणारी ज्वारी, आणि वारा सुटला की ते सगळं हिरवं एकदम हलायचं. मी चौथीत होते, शाळेचं ते शेवटचंच वर्ष. पाखरं राखायला मी माळ्यावर, आणि तीन वर्षांची धाकटी सुमी खाली माळ्याच्या खांबाला, मेढीला बांधलेली – पायाला आईच्या जुन्या लुगड्याचा काठ. आमच्याकडे बाया लेकरांना असंच बांधून कामाला लागायच्या.

त्याच आठवड्यात विहारात एका ताईंनी आम्हा मुलांना डोळे मिटून श्वास पाहायला शिकवलं होतं. सुमी रडत होती म्हणून मी खाली उतरून गाठ सोडली, तिच्या हातात कणीस दिलं, वर येऊन गोफण बाजूला ठेवली आणि डोळे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर... उघडले तेव्हा कणसांवर पाखरंच पाखरं, आणि मेढीपाशी नुसता काठ.

ज्वारीत शिरलं की दिशा राहत नाही. पानं तोंडाला कापत होती आणि पलीकडे बिनकठड्याची विहीर होती. शेवटी सुमी शेजारच्या रानात कामाला असलेल्या आईलाच सापडली – विहिरीपासून चार पावलांवर, कणीस चघळत.

"कुनी सोडलं हिला?"

"तिनंच," मी म्हणाले.

"लई हुशार झालीस व्हय गं भवाने?" आईनं सुमीच्या पाठीत धपाटा घातला. दुसऱ्या दिवसापासून तो काठ इतका आवळला की घोट्याला जखम झाली. तिचा व्रण अजून आहे.

आई आता नाही. त्या रानात आता ऊस असतो. मी रोज पहाटे डोळे मिटून बसते, आणि पाच श्वासांतच भीती दाटते – उघडल्यावर कुणीतरी नसेल. मग वही ओढते. मनात येईल ते सगळं लिहिते, ते एक सोडून.

काल सुमी आली. सकाळी वही पाहून हसली. "आक्के, माझ्या कागाळ्या लिवतीस का काय? भाकरी झाल्या की वाचनारच हाय मी."

म्हणून आज तेही लिहिलं. गाठ मी सोडली होती.

आत भाकरी थापण्याचा आवाज येतो आहे... आता थांबला. वही मी अजून मिटलेली नाही.