दुसरी उशी लागली तर

मी ठिबक सिंचनाच्या साहित्यासोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिका लिहिते. खोकं उघडल्यावर सगळ्यात वर असते ती पातळ पुस्तिका. शेतात पोचल्यावर तिच्यावर बहुतेक चहाचा ग्लास ठेवला जातो. आमची कंपनी जळगावबाहेर, नशिराबादच्या पुढे हायवेला लागून आहे. पुस्तिका आधी इंग्रजीत तयार होते, मग मी ती मराठीत आणते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात खानदेशी, आणि ही लिहायची मराठी मी कॉलेजात असताना वर्तमानपत्रं वाचून मिळवलेली. मला का घेतलं ते विचारायचं राहिलं. कमी बोलते म्हणून घेतलं असेल.

पहिल्या आठवड्यात मी लिहिलं होतं, 'व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, जर मापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात असेल.' इंग्रजीत तो क्रम तसाच होता. आमचे सर मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे नमुन्याचा फिल्टर जोडलेला असतो. त्यांनी व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि म्हणाले, वाच. मी 'व्हॉल्व्ह पूर्ण उघडा' एवढं वाचलं आणि त्यांनी उघडला. काटा हिरव्या पट्ट्यात नव्हता. पुढचं अर्धं वाक्य मी भिजलेल्या चपलांनी वाचलं.

"वाचणाऱ्याचा हात आधीच व्हॉल्व्हवर असतो," सर म्हणाले. "अट आधी सांग. काम नंतर."

त्यांची एक पद्धत होती. कुठलंही पान छापायला जाण्याआधी ते कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचं आणि लिहिणाऱ्याने ऐकणाऱ्याचे हात बघायचे. चेहरा बघायचा नाही. समजलं म्हणून मान हलवायला कुणालाच कष्ट पडत नाहीत. मला ही पद्धत आवडली, कारण तसंही मी लोकांच्या चेहऱ्यांकडे फार बघत नाही.

दुसरं एक वाक्य त्यांनी लाल पेनाने पूर्ण खोडलं होतं. 'आवश्यक असल्यास फिल्टर धुवावा.' आवश्यक आहे हे कोण ठरवणार, असं त्यांनी विचारलं. ज्याला फिल्टर धुवायचा कंटाळा आहे, तोच ना? मी ते बदलून लिहिलं, 'फिल्टरच्या पुढचा आणि मागचा काटा सारखा दिसत नसेल, तर फिल्टर धुवा.' काटे कुणालाही दिसतात. मनात काय आहे हे तपासावं लागत नाही.

त्याच वर्षी आई पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसली आणि तिला उठता येईना. आमचं गाव शिरपूरजवळ आहे. गिरणी घरापासून चार घरं पुढे. मांडीवर पिठाचा डबा घेऊन ती बसून राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, बसले आहे जरा, असं सांगत होती. ओठ निळसर दिसले म्हणून शेजारणीने वडिलांना बोलावलं. वडिलांना सगळा गाव नाना म्हणतो, म्हणून मीही नानाच म्हणते. त्यांनी तिला धुळ्याला नेलं. मी जळगावहून बसने पोचले तेव्हा तिला ऑक्सिजन लावलेला होता आणि ती मला बघून म्हणाली, "काही नही शे. जरा दम लागना."

डॉक्टर म्हणाले, हृदय कमी ताकदीने काम करतंय. अंगात पाणी साठतं, पायांवर येतं, मग छातीत. महिने झाले असतील, यांनी सांगितलं कसं नाही? नानांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या लाल सिलेंडरकडे बघत होते. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, 'आग लागल्यास घाबरू नये.' आणि मग कुठली कडी ओढायची ते खाली, बारीक अक्षरात. मी मनात ती पाटी नीट लिहून काढली. मला दुसरं काही वाटत नव्हतं. रडू येईल असं वाटून मी रुमाल हातात धरून ठेवला होता, तो तसाच घडी घातलेला परत पर्समध्ये गेला.

घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर औषधं होती आणि शेवटी एक ओळ, 'त्रास वाटल्यास त्वरित दाखवावे.'

आमच्या घरात कुणाला त्रास वाटत नाही. नानांचा अंगठा कडबा कापायच्या यंत्रात चेचला होता तेव्हा त्यांनी, लागलं थोडं, असं म्हटलं होतं. मला शाळेत मराठी बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं की घरी मी, छान गेला दिवस, असं सांगायचे. आईचं तर सगळं बोलणंच 'बठ्ठं बरं शे', म्हणजे सगळं बरं आहे, यावर थांबतं. त्या ओळीतली अट आमच्याकडे कधीच पूर्ण होणार नव्हती. फिल्टर धुवायचा कंटाळा असलेल्या माणसालाच ती विचारत होती.

डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं होतं. मी वजनकाटा आणून दिला. पुढच्या खेपेला तो धान्याच्या कोठीमागे उभा करून ठेवलेला सापडला. वजन करणं आईला लाजिरवाणं वाटत होतं. म्हणून मी डॉक्टरांना फोन केला, पाणी साठायला लागलं की बाहेरून काय काय दिसेल असं विचारलं, आणि एका कागदावर तीन वाक्यं लिहिली.

जोडवी बोटात रुतली तर त्याच दिवशी धुळ्याला जायचं. झोपताना दुसरी उशी लागली तर त्याच दिवशी धुळ्याला जायचं. भाकरी थापताना मध्येच थांबावं लागलं तर त्याच दिवशी धुळ्याला जायचं.

प्रत्येक वाक्यात शेवट तोच लिहिला. एकदाच लिहून भागलं असतं, पण वाचणारा कुठल्या ओळीवर थांबेल ते सांगता येत नाही.

मग सरांच्या पद्धतीने चाचणी घेतली. नानांनी ओट्यावर बसून कागद बातम्या वाचतात तसा मोठ्याने वाचला. आई डाळ निवडत होती. मी तिचे हात बघत होते. हात चालूच राहिले. जोडव्यांचं वाक्य आलं तेव्हा मात्र तिने दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले.

मी जाऊन पाय बाहेर काढून बघितले. जोडवी सैल होती, फिरवून बघितली तर फिरली. काही झालेलं नव्हतं. तिने पाय आधीच लपवून ठेवले होते, पुढच्या वेळेसाठी. नाना म्हणाले, आता हिच्या पायांवर पहारा बसला.

जळगावला परतल्यावर मी रोज संध्याकाळी फोन करायचे. माझी खोली एका बँकेच्या वर आहे. खाली शटर ओढल्याचा आवाज आला की मी फोन लावायचे. कशी आहेस असं विचारत नव्हते. जोडवी? सैल. उशी? एकच. भाकरी? थापल्या. मग ती विचारायची, जेवली का. मी हो म्हणायचे. बहुतेक वेळा जेवलेली नसायचे. तिच्यापुढे कागद होता, माझ्यापुढे नव्हता.

ऑफिसात मी त्या दिवसांत पुष्कळ काम केलं. सर म्हणाले, तुझी वाक्यं आता अगदी कोरडी झालीत, चांगली आहेत. मला ते बरोबर वाटलं. सकाळी उठल्यापासून मी कोरडीच होते. कुठलं गाणं लागलं, बाहेर ऊन होतं की आभाळ, काही आत पोचत नव्हतं. बसच्या खिडकीतून केळीचे ट्रक मोजावेत तसे दिवस जात होते आणि मी मोजतही नव्हते.

एका रविवारी गावी गेले. आई अंघोळीला गेली तेव्हा अंथरूण आवरायला घेतलं. उशी एकच होती. पण गादीचा डोक्याकडचा भाग उंच लागला. गादी उचलली तर खाली गोधडी, चार घड्या घातलेली. तिच्याखाली आणखी एक.

आई केस पुसत दारात आली. मी गोधडीवर हात ठेवून उभी होते. तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा गोधडीकडे बघितलं.

"तू उशी लिखेल व्हती," ती म्हणाली. "गोधडी कोठे लिखेल शे?"

ओट्यावरून ऐकणारे नाना आधी हसले. मग त्यांचं हसू थांबलं आणि ते चपला शोधायला लागले. आम्ही तिघं धुळ्याला गेलो. छातीत पाणी साठायला लागलं होतं. इंजेक्शन दिलं, गोळ्या बदलल्या आणि संध्याकाळी घरी पाठवलं. आणखी थोडे दिवस गोधड्यांवर काढले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी आईसमोर सांगितलं. ती छताकडे बघत होती. तिला ते ऐकू आलं होतं, कारण गाडीत बसताना तिने माझं मनगट धरलं आणि शिरपूर येईपर्यंत सोडलं नाही.

त्या रात्री मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी तिला ओळखलं. पुस्तिकेतल्या वाक्याला फट असेल तर माणूस त्या फटीतून जातो. तो वाईट नसतो, त्याला फक्त तिथून जायचं असतं. मी डोक्याची उंची सोडून उशीची संख्या लिहिली होती.

सकाळी नवीन कागद केला. 'झोपताना डोकं नेहमीपेक्षा उंच ठेवलं, कशानेही, तर.' पण त्यापेक्षा मोठा बदल दुसराच होता. पहिला कागद मी आईसाठी लिहिला होता. हा नानांसाठी लिहिला. 'नाना, तिची जोडवी रुतलेली दिसली, तर गाडी काढा. तिला विचारू नका. ती नाही म्हणाली, तरी काढा.' नानांनी तो वाचला, घडी केली, बंडीच्या खिशात ठेवला. आईला वाचून दाखवला नाही.

नंतर बरेच आठवडे सगळं ठीक होतं. मग एका सकाळी ऑफिसात नव्या पंपाच्या पुस्तिकेवर बैठक चालू असताना नानांचा फोन आला. ते सकाळी कधी फोन करत नाहीत.

"पहिलं लागू व्हयनं, जोडवी," ते म्हणाले. "आम्ही निंघनूत."

मी विचारलं, आई काय म्हणतेय.

"तिले मी इचारंच नही."

मागून आईचा आवाज येत होता, काही झालेलं नाही, उगाच पोरीला कामावरून उठवतात, घरात पापडाचं पीठ तसंच पडलंय. मी सरांना सांगितलं आणि निघाले. पंपाचं अर्धं वाक्य स्क्रीनवर तसंच राहिलं. एरंडोल, पारोळा गेलं. बसमध्ये मला पुन्हा काहीच वाटत नव्हतं.

वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. दोन गोधड्यांच्या वेळेपेक्षा खूप आधी. औषध शिरेतून देऊन पाणी काढायला चार-पाच दिवस ठेवावं लागलं, पण ऑक्सिजन लागला नाही. आईने पहिला दिवस माझ्याशी बोलायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी मोसंबी सोलत होते, तेव्हा म्हणाली, "नानाले फितूर करी टाकं तू."

नाना खुर्चीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. पण हसू दाबताना पेपर हलत होता.

घरी सोडायच्या दिवशी कार्ड मिळालं. शेवटी तीच ओळ होती, त्रास वाटल्यास. मी पर्समधून पेन काढलं. आईने बघितलं. मला वाटलं तोंड फिरवेल. पण ती म्हणाली, "लिख. सकाळे उठाले मनच नही व्हयनं तर."

मी पेन धरून थांबले. सरांनी हे वाक्य लाल पेनाने खोडलं असतं. मन झालं की नाही हे कुणालाही बाहेरून दिसत नाही. नाना ते बघू शकत नव्हते, डॉक्टर बघू शकत नव्हते. ते फक्त तिनेच सांगायचं होतं, आणि तिने आजवर असं काही सांगितलेलं नव्हतं.

"तर काय करायचं?" मी विचारलं.

"मंग तुले फोन करसू."

मी ते तसंच लिहिलं. एकही शब्द बदलला नाही. लिहून झाल्यावर कार्ड तिच्या हातात देताना मला कळलं, की ही अट मला कित्येक महिने लागू आहे. ते मी सांगितलं नाही. कार्ड नानांनी घेतलं आणि घडी करून बंडीच्या खिशात त्यांच्या कागदापाशी ठेवलं.

जळगावला परत आले. काही दिवस गेले. एका सकाळी गजर वाजला, मी तो बंद केला आणि पंख्याकडे बघत पडून राहिले. ऑफिसची बस निघून जायची वेळ झाली. मग फोन उचलून घरी लावला. सकाळी मी कधी फोन करत नाही.

"काय व्हयनं?" आई म्हणाली.

काही नाही, असं मी म्हणाले. ती बरं म्हणाली. आमच्याकडे यानंतर फोन ठेवतात. मी ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही. तिने तो बहुतेक चुलीशेजारी डब्याला टेकवून ठेवला असावा, कारण थोड्या वेळाने परातीत भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मी ऐकत पडून राहिले. एक झाली, दुसरी झाली. आवाज मध्ये कुठेही थांबला नाही.