खंडेनवमीचं खोबरं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या पिंपळे गुरवच्या मंडईत सुमन भेटली तर तुमच्या तोंडून काही निसटायचं नाही. बघा, सुरुवातच भीतीने झाली. पण सांगायचंच भीतीचं आहे, तर दुसरं काय होणार?

मी चाकणला एका कंपनीत आहे, प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या यंत्रांवर, सुपरवायझर. मूळचा बीडकडचा, इकडे येऊन सव्वीस वर्षं झाली. सात वर्षांपूर्वी माझं वजन एकशे चौतीस किलो होतं. कंपनीत मला पैलवान म्हणायचे. कुस्ती मी जन्मात खेळलो नाही, पण जिलबीच्या पैजा मारल्या आणि जिंकल्याही. कॅन्टीनवाला मला न विचारता दुसऱ्यांदा ताट भरायचा. मी पोटावर हात फिरवून म्हणायचो, "राव, हे पोट कंपनीने वाढवलंय, रिटायर होताना परत मागून घेतील." सगळे हसायचे. मीही हसायचो. मग जिना चढून वर आलो की पाच मिनिटं बोलता यायचं नाही, त्याला मात्र कुणी हसायचं नाही.

शुगर होती, बीपी होतं, झोपेत श्वास थांबायचा. सुमन, म्हणजे माझी बायको, हलवून जागं करायची. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. पोटाचा मोठा भाग कापून काढायचा, केळ्याएवढी पिशवी ठेवायची. माझी थोरली बहीण, अक्का, गावाहून फोनवर ओरडली, चांगलं धडधाकट पोट कशाला फाडून घेतोस म्हणून. सुमन एकटी माझ्या बाजूने उभी राहिली. हे लक्षात ठेवा. ऑपरेशनला हो म्हणणारी ती एकटी होती.

आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला. पहिले पंधरा दिवस फक्त पातळ आणि गाळलेलं. मग मिक्सरमधून काढलेलं. मग मऊ. घास म्हणावा असा घास दीड महिन्याने. आतली शिवण कच्ची असते, त्या म्हणाल्या, एक घट्ट तुकडासुद्धा महागात पडेल. सुमन ब्लाउज शिवते, तिला शिवण म्हटल्यावर लगेच कळलं. ती मला म्हणाली, ऋतूच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. ऋतुजा आमची एकुलती एक, तेव्हा कॉलेजला होती. तिने हसत डोकं पुढे केलं. मी हात ठेवला.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी आलो. औषधाच्या बाटलीचं टोपण भरून पाणी प्यायचं, थांबायचं, पुन्हा एक टोपण. नारळपाणी, ताकाची निवळी, मुगाचं पाणी. सुमनने शिवणकाम बंद ठेवलं होतं. मूग शिजवायची, पाणी आधी गाळणीतून काढायची, मग मलमलच्या कपड्यातून. दोनदा. एवढंसं पाणी, त्यासाठी तासभर ओट्यापाशी उभी. "अहो, हळू. घाई नका करू," म्हणायची आणि मी गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत राहायची.

भूक लागत नव्हती, खरं सांगतो. पोटाला काही नको होतं. पण तोंड? दात? दातांना काहीतरी चावायला हवं होतं, बाकी काही नाही. नवरात्र चालू होतं, शेजारी साबुदाण्याची खिचडी व्हायची, दाण्याच्या कुटाचा वास यायचा आणि मी — पंचेचाळीस वर्षांचा बाप्या — उशीत तोंड घालून रडायचो. हसू येतं ना? मलाही येतं कधीकधी.

आता खंडेनवमीचं सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. शॉप धुऊन काढतात, प्रेस पुसून हळदकुंकू, झेंडूचे हार. चार नंबरच्या प्रेसवर मी हेल्पर म्हणून लागलो होतो, म्हणून तिचा नारळ दरवर्षी मीच फोडायचो. आणि आमच्या शॉपची रीत अशी, की जो फोडतो त्याच्या घरी अर्धी वाटी जाते. त्या वर्षी मी घरी पडून. ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. नारळ दत्ताने फोडला — दत्ता माझा ऑपरेटर, भला माणूस — आणि पूजा आटोपल्यावर दुपारी वाटी घेऊन थेट घरी आला. म्हणाला, "भाऊ, फोडला मी, पण मान तुमचाच." सुमन आणि ऋतू झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बाहेर गेल्या होत्या. दत्ता पाच मिनिटं बसला, वाटी टेबलावर ठेवली आणि गेला.

घरात मी आणि ती वाटी.

प्रसाद म्हणून खाल्लं, असं म्हणायला सोपं आहे. सात वर्षं मी स्वतःला तेच सांगतोय — प्रसादाला नाही कसं म्हणायचं, ज्या प्रेसने आयुष्यभर पोसलं तिचा नारळ कसा नाकारायचा? पण प्रसादाला एक तुकडा पुरतो. पहिला तुकडा मी नुसता चघळून थुंकणार होतो. गिळला. मग सुरी आणली. मग सहा तुकडे खाल्ले. ते सहा प्रसादाचे नव्हते, ते माझे होते. कुरुम कुरुम आवाज येत होता आणि मला — कसं सांगू — इतकं बरं वाटत होतं!

मग उरलेली वाटी वर्तमानपत्रात गुंडाळली, भिंत धरत जिन्यात गेलो आणि शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यात खाली दाबली. सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. बघा, एवढी अक्कल शाबूत होती.

सुमन आली ती फुलं तशीच ठेवून आधी माझं बघायला लागली. दोन वाजता मुगाचं पाणी दिलं. तोवर छातीखाली काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं. नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर ती विचारणार, काय झालं? म्हणून प्यालो. दोन टोपणं. मग जी कळ आली ती आली. बाथरूममध्ये उलटी झाली, पाण्यात पांढरे कण दिसले, मी फ्लश ओढला. मग डावा खांदा दुखायला लागला, अंगाला कापरं भरलं, घामाने बनियन भिजलं. सुमनने कॅब बोलावली. रस्ताभर एकच विचार — मरतोय मी. आणि त्याच्या खाली दुसरा — कळेल आता. दोन्हींत मोठा कुठला होता, हे मला आजही सांगता येत नाही.

हॉस्पिटलमध्ये नाडी बघून डॉक्टरांचा चेहराच बदलला. त्यांनी मला सरळ विचारलं, घट्ट काही खाल्लंय का? खरं सांगा, त्यावर पुढचं ठरणार आहे. सुमन माझा हात धरून उभी होती. ऋतू पायाशी. मी मान हलवली. नाही.

मग त्यांनी सुमनला विचारलं, शेवटचं काय दिलं होतं? ती म्हणाली, मुगाचं पाणी. नीट गाळलं होतं? मी डोळे मिटून घेतले, पण कान कुठे मिटता येतात? ती अगदी हळू म्हणाली, "आज कपडा धुवायला टाकला होता हो. फक्त गाळणीने गाळलं."

एकच दिवस. बारा दिवसांत तो एकच दिवस. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडात नळी नव्हती, शुद्धीवर होतो, चार शब्दांचं काम होतं. मी नारळ खाल्ला, सुमन. नाही बोललो. उलट मला सुटल्यासारखं वाटलं.

शिवण उसवली होती. मला पुन्हा ऑपरेशनला नेलं, आतून धुतलं, नळ्या टाकल्या. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, अन्नाचे कण सापडले. सुमन म्हणाली, मुगाचेच असणार. मग महिनाभर नाकातल्या नळीतून दूध. अक्का गावाहून आली आणि वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाली, "एक पाणी गाळायचं काम व्हतं, त्ये बी झालं न्हाई हिच्याच्यानं?" सुमन खाली मान घालून ऐकत राहिली. ऋतूसुद्धा दोन दिवस आईशी नीट बोलली नाही. मी कॉटवर पडून होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

एकदा दत्ता भेटायला आला. मला वाटलं, संपलं. तो सुमनला म्हणालाच, "वहिनी, त्या दिवशीचा प्रसाद मिळाला ना?" शेजारचं नाडी मोजायचं मशीन टीं टीं वाजायला लागलं. सुमन कुठल्या विचारात होती कोण जाणे, म्हणाली, "हो हो, मिळाला." नर्स धावत आली, त्यांना वाटलं मला काही होतंय. दत्ता पुढे दुसऱ्या प्लांटला गेला. अजूनही कुठल्या लग्नात तो दिसला की मी सुमनला हाताला धरून दुसरीकडे नेतो.

नंतर केव्हातरी डॉक्टर म्हणाले होते, अशी शिवण काहीही न खाता आपोआपसुद्धा उसवते. असेल. पण मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मला ठाऊक होतं.

आज माझं वजन शहाऐंशी आहे. चतकोर भाकरी खातो, बत्तीस वेळा चावतो, जेवताना पाणी पीत नाही, गोळ्या चुकवत नाही. लोक म्हणतात, काय कमाल केलीत हो! घास घशाखाली उतरेपर्यंत रोज भीती वाटते. आणि ऋतूला साधा ताप आला तरी मला दरदरून घाम फुटतो — तिच्या डोक्यावरचा तो हात! हे बोलायचं कुणाशी?

आणि सुमन? सुमनने मुगाला पुन्हा हात लावला नाही. शेजारी कुणी आजारी पडलं तर डबा द्यायची, ते बंद केलं. तिची आई पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा भावाने बोलावलं. ही महिनाभर राहिली, धुणं केलं, आईला न्हाऊ घातलं, पण स्वयंपाकाला बाई लावायला लावली. म्हणायची, माझा हातगुण बरा नाही. भांडून म्हणाली असती तर बरं होतं. ती साधं म्हणायची, उंची सांगावी तसं.

आता मागच्या महिन्यातलं. ऋतूचं लग्न झालंय, वाकडला असते, तिला मुलगी झाली. सहा महिन्यांची झाली म्हणून उष्टावण ठेवलं. आमच्या घरात बाळाचा पहिला भात आईच्या आईने शिजवायचा असतो. मामा नाही, म्हणून भरवायचा मान माझा. ऋतूने कुकर, तूप, तांदूळ सगळं काढून ठेवलं होतं. सुमन दारातच म्हणाली, "तुझ्या सासूबाईंना करू दे." ऋतू आधी हसली, मग चिडली, मग तिचे डोळे भरले. "आई, अगं, तू नाही करायचा तर कुणी?" सुमन म्हणाली, "मी तुझ्या बाबांना मारूनच टाकत होते, ऋतू. हे तर एवढंसं लेकरू." ऋतू माझ्याकडे वळली. म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी सांगा ना तिला."

तेव्हा तरी? मुलगी समोर, बायको समोर, नात पाटावर. सात वर्षांत इतकं सरळ कुणी मला विचारलं नव्हतं. आणि मला काय दिसलं सांगू? ऋतूचा चेहरा — मी खरं सांगितल्यावर तो कसा होईल, तो. मी म्हणालो, "राहू दे गं. तिचं मन नाही तर कशाला आग्रह करायचा?"

भात सासूबाईंनी केला. मी चांदीच्या वाटीतून बोटाने एवढासा उचलला आणि नातीच्या तोंडात घातला. तिला जरासा ठसका लागला. काही नाही, पहिल्या घासाला लागतोच, ऋतूने पाठीवर थोपटलं, सगळे हसले, फोटो निघाले.

सुमन मागे भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून. मी जवळ गेलो. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघितलंत ना? बरं झालं, भात मी केला नव्हता."

आणि मी 'हो' म्हणालो.