पाटावरचा रेझर

गेल्या दसऱ्याला मी माझ्या बाबांना हट्टाने दाढी करायला बसवलं. आठवलं की अजूनही आरशात बघताना मी स्वतःची नजर चुकवतो. पण एकदा सांगून टाकायचंच आहे.

सुरुवात माझ्या नव्या नादाने झाली. आषाढात कधीतरी मी मोबाइलवर जुन्या पद्धतीच्या दाढीचे व्हिडिओ बघत बसलेलो. स्टीलचा जड रेझर, त्यात दुधारी ब्लेड, ब्रशने घोटलेला साबणाचा फेस. बास, डोक्यात भूत शिरलं. आठवड्याभरात सगळं सामान घरी हजर. बायको म्हणाली, "आता डोंबिवलीत सलून टाकतोयस का?"

पहिल्या दिवशी गालाचं पार वाटोळं केलं. हनुवटीवर दोन चिरा, कानाखाली एक, गळ्यावर मोजलंच नाही. ऑफिसात एकाने विचारलं, "मांजर पाळलंस का रे?" मी हसलो, पण आतून चिडलेलो. च्यायला, हीच दाढी बाबांनी कोपरीच्या चाळीत, खिडकीच्या गजाला टेकवलेल्या आरशात, चहा निवायच्या आत आटोपली होती. तीसेक वर्षं. एक ओरखडा नाही.

बाबा फिटर होते. हाताचा माणूस. डोळे मिटून नट बसवतील असा हात. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, आणि सकाळी मी बेसिनपाशी झटापट करत असलो की मागे येऊन उभे राहायचे.

"दाबू नकोस," ते म्हणायचे. "रेझरला वजन आहे ना त्याचं त्याचं? मग तू कशाला जोर लावतोस? नुसता धर."

"मग दाखवा ना करून."

"करून शिक," एवढं म्हणून ते दोन्ही हात लेंग्याच्या खिशात घालायचे. मला राग यायचा. वाटायचं, म्हाताऱ्याला भाव खायचाय. माझ्या रेझरला त्यांनी एकदाही हात लावला नाही, आणि का लावला नाही असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

मग श्रावण लागला. बाबा म्हणाले, "या वर्षी दाढी ठेवतो." जन्मात त्यांनी श्रावणात मासे सोडणं आणि दसऱ्याची हत्यारपूजा यापलीकडे काही पाळलं नव्हतं. मी म्हटलं, ठेवा. श्रावण संपला तर म्हणाले, "एवढी वाढलीये, आता गणपती होऊ देत." गणपती गेले तर पितृपक्ष. "पंधरवड्यात दाढी करत नाहीत रे." पितृपक्ष संपला तर घट बसले. "नवरात्रात कसली दाढी?" दाढी छातीपर्यंत यायची बाकी राहिलेली. मी येताजाता टिंगल करायचो. "काय महाराज, मठ कधी काढताय?" बाबा हसायचे. एवढा मोठा माणूस पंचांगाच्या आडोशाला उभा होता आणि मला ते दिसत नव्हतं.

दिसायला हवं होतं. ते चहा आता अर्धा कपच मागायचे आणि कप दोन्ही हातांनी धरायचे. कुरियरवाला सही मागायला आला की "चष्मा सापडत नाही" म्हणून मला पुढे करायचे. वरणभात चमच्याने खायला लागलेले, तेही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. मी या सगळ्याला एकच नाव दिलेलं, वय झालं. नाव दिलं की विचार करावा लागत नाही.

दसऱ्याला आमच्याकडे पाटावर हत्यारांची पूजा असते. बाबांचा जुना पाना आणि पक्कड दरवर्षी असतात. बायकोने कात्री ठेवली, मी लॅपटॉप ठेवला, आणि गंमत म्हणून माझा रेझरही. त्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. बाबांनी वाकून नमस्कार केला. आणि मला ती अक्कल सुचली.

"झालं नवरात्र! आता कसलीही सबब नाही. बसा गॅलरीच्या दारापाशी, आज तुमच्या हातची दाढी बघायचीये."

"उद्या करू," बाबा म्हणाले. "पूजेला ठेवलेल्या हत्याराला आज हात लावत नाहीत."

ही त्यांची शेवटची सबब होती. आणि ती खरीही होती, लहानपणापासून आमच्या घरात तो नियम त्यांनीच पाळलेला. मी म्हटलं, "तुम्ही कधीपासून एवढे सोवळे झालात?" आणि पाटावरून रेझर उचलला. फूल बाजूला केलं, हळदकुंकू पुसलं, नवं ब्लेड घातलं.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे राहू दे ना. नकोय त्यांना." मी ऐकलं नाही. उलट कल्याणच्या आत्याला, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीला, व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल स्टुलावर डब्याला टेकवून ठेवला. "आत्या, बघ, तुझा दादा आज माणसात येतोय!" गॅलरीचं दार सताड उघडं. खाली सोसायटीतली पोरं आपट्याची पानं वाटत फिरत होती.

आधी मी कात्रीने दाढी उतरवली, मग फेस लावला. रेझर त्यांच्या हातात दिला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरू शकत नाही. त्यात राग नव्हता, विनवणी होती. मग त्यांनी हात वर नेला.

हात थरथरत होता. थोडासा नाही, कोपरापासून. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं आणि गालावरून एक रेघ ओढली. दुसरी ओढली. घाम फुटलेला त्यांना. एक गाल कसाबसा झाला आणि हनुवटीपाशी रेझर घसरला. पांढऱ्या फेसातून लाल धार आली.

मी जागचा हललो नाही. लाज वाटली म्हणणं फार कमी आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"दादा!" मोबाइलमधून आत्या ओरडली. "अरे रक्त! आणि हात का असा थरथरतोय?"

बाबांनी रेझर मांडीवर ठेवला, दोन्ही हात टॉवेलखाली घेतले, आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हात कुठला थरथरतोय? मोबाइल हलतोय तुझा. आणि याने ब्लेड वाकडं बसवलंय. विचार त्याला."

ब्लेड सरळ होतं. फिटरच्या पोराने बसवलेलं, केसभरही इकडेतिकडे नव्हतं.

"हो आत्या," मी म्हटलं. "मीच बसवलेलं. माझीच चूक."

मग आत्याने मला जे झापलं, ते झापलं. एवढा घोडा झालास, साधं ब्लेड बसवता येत नाही, त्याला काही झालं असतं म्हणजे? मी मान खाली घालून हो हो म्हणत राहिलो. तिचा एकेक शब्द बरोबर होता, फक्त तिला ते माहीत नव्हतं.

कॉल बंद झाला. मी तुरटी ओली करून बाबांच्या हनुवटीवर धरली. एक गाल मोकळा, दुसऱ्या गालावर फेस सुकत आलेला.

"आधी ते दार लाव," बाबा म्हणाले.

मी दार लावलं.

"आता उरलेली तू कर," त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं आणि डोळे मिटले. "दाबू नकोस."