डावीकडे एक, उजवीकडे एक

पाठक सरांना कुठलीही गोष्ट एकटी पटत नसे. चहासुद्धा ते जुन्या जालन्यातल्या दोन हॉटेलांतून मागवत, दोन्ही कप समोर ठेवून आलटून पालटून घोट घेत, आणि निकाल लागेपर्यंत दोन्ही गार होत. "बराबर पाह्यचं तर शेजारी शेजारी पाहावं," ते म्हणत. मी त्यांच्या दातांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर म्हणून लागलो, तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं.

हिरड्यांचा आजार बळावला की दाताखालचं हाड झिजतं आणि चांगला दात हलायला लागतो. तिथं हाड पुन्हा भरावं म्हणून आत भुकटी घालायची, हे सरांचं वेड. एक भुकटी कारखान्यात बनवलेली, दुसरी जनावराच्या हाडापासून. कोणती सरस, हे पाहायला ते एकाच माणसाच्या डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी घालत. "तोंड एक, खाणं एक. मंग भांडणच न्हाई."

पेशंटला सगळं समजावून सांगायची त्यांना भारी हौस. आष्टीच्या विमलबाईंच्या वेळी मात्र बाहेर गर्दी होती. "दोन्हीकडं औषध भरून राह्यलो," एवढंच ते बोलले. विमलबाई शाळेत शिक्षिका, महानुभाव पंथाच्या. दवाखान्यात शिरताना "दंडवत प्रणाम" म्हणायच्या, घरात अंडंही चालत नसे. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी शेजारी उभा राहून भुकटी कालवून दिली.

नऊ महिन्यांनी एक्स-रे काढला. डावीकडे फारसा फरक नव्हता. उजवीकडे हाड छान भरलं होतं, दात घट्ट बसला होता. सर एक्स-रे खिडकीशी धरून लहान मुलासारखे हसत होते.

"इकडं काय घातल्तं, डॉक्टर?" विमलबाईंनी विचारलं.

सरांचं हसू गेलं. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. "बैलाच्या हाडाची भुकटी, बाई. बिलकुल शुद्ध केलेली. मी आधी इचारायला पाह्यजे होतं. चुकलं माझं."

"काढा."

"ती हाडात मुरली, काढायची तर दातच काढावा लागेल. दात पक्का झालाय बाई. जन्मभर टिकेल."

"तुमच्यासाठी पक्का झाला. मला न्हाई चालत."

सरांनी पुष्कळ विनवलं. मग सुई दिली. पक्का झालेला दात काढायला पाऊण तास लागला. आतलं भरलेलं सगळं त्यांनी खरवडून काढलं. बाई रडल्या नाहीत. मी रक्त टिपत होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. त्याची लाज अजून वाटते.

त्यानंतर सरांनी दोन बाजूंचा खेळ बंद केला. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारत, "घरी काय चालतं, काय न्हाई?" चार वर्षांनी ते हृदयविकारानं गेले आणि दवाखाना माझ्याकडे आला.

पुढे एकदा विमलबाई आल्या. डावीकडचा दातही आता सुटला होता. चिमटा लावताच तो हातात आला, जोर लागलाच नाही. सर गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी जखमेवर कापूस दाबून धरला. मग कापूस काढून म्हणाल्या,

"तवा सरांनी मला खोटं सांगायला पाह्यजे होतं हो."

मी नवा कापूस दिला आणि अर्धा तास दाबून धरा म्हणालो.