बाबांच्या खोलीतला ट्रकचा रेडिएटर

आमच्या घरात ट्रकचा रेडिएटर आहे. ट्रक नाही.

गेल्या मे महिन्यात आमचे बाबा विहिरीपाशी भोवळ येऊन खाली बसले. पडले नाहीत, बसले. पण एक्याऐंशीव्या वर्षी बसणं आणि पडणं यांत फारसं अंतर नसतं. डहाणूच्या आमच्या घरामागे थोडी चिकूची झाडं आहेत आणि एक जुनी, गुडघाभर कठड्याची विहीर आहे. बाबा रेल्वेत केबिनमन होते. आई गेल्यापासून दुपारचं जेवण झालं की अर्धी चपाती सदऱ्याच्या खिशात घालायची आणि भर उन्हात विहिरीवर जाऊन बसायचं, हा त्यांचा नेम. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मी निरीक्षणावरून दोन निष्कर्ष काढले होते. एक, बाबांना दुपारी पुन्हा भूक लागते. दोन, बाबांना खोलीत उकडतं.

"त्यांना एकदा विचारा तरी," माझी बायको नीता म्हणाली.

"निष्कर्ष निघाल्यावर विचारायचं कशाला?"

(या वाक्याची आठवण नीता मला आठवड्यातून दोनदा करून देते.)

भोवळीची बातमी नाशिकला माझ्या धाकट्या भावाकडे, सुहासकडे पोचली आणि त्याचा फोन आला. "दादा, मी पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. बाबांना घेऊन जातो. इकडे घाम तरी येत नाही."

"किती दिवसांसाठी?"

"कायमचं रे. किती दिवस त्यांना असं उन्हात बसवणार आहेस?"

मला हे झोंबलं. बाबा रोज पहाटे "दिल्या, ऊठ, उजाडलं!" म्हणून ओरडतात, माझ्या चहाला नावं ठेवतात, माझ्या हातातला पेपर काढून घेतात. ते गेले तर माझी झोप पूर्ण होईल, चहा शांतपणे पिता येईल आणि घर मला खायला उठेल. मला ते नको होतं. मी ठरवलं, रविवारपर्यंत बाबांची खोली गार करायचीच!

एसीचा प्रश्नच नव्हता. बाबांच्या मते एसी म्हणजे माणसाला जिवंतपणी बर्फाच्या लादीवर ठेवणं. मग मी शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर दोरीला बांधून विहिरीत सोडला. पाणी सत्तावीस अंश. बाबांची खोली पस्तीस. आठ अंशांचा गारवा जमिनीत नुसता पडून होता आणि आम्ही घाम पुसत होतो! विहिरीचं पाणी मोटारीने वर आणायचं, रेडिएटरमधून फिरवायचं, मागून पंखा लावायचा आणि पाणी पुन्हा विहिरीत सोडायचं. पाणी वाया जात नाही, गॅस नाही, बर्फाची लादी नाही.

तलासरीला हायवेवर ट्रकच्या जुन्या सामानाची दुकानं आहेत. तिथून मी रेडिएटर आणला, शेअर रिक्षात, मांडीवर. शेजारच्या बाई संपूर्ण प्रवासात माझ्याकडे न बघता बाहेर बघत होत्या. सोबत मोटारी दुरुस्त करणारा तलासरीचा जितूभाई होता. तो वीस वर्षं आमच्या विहिरीची मोटार सांभाळतो आणि मला तेवढीच वर्षं सहन करतो.

"मास्तर," तो म्हणाला, "हा रेडिएटर इंजिन ठंडा करते. तुम्ही कोणाला ठंडा करणार?"

"बाबांना."

"अरे बापरे," जितूभाई म्हणाला आणि डहाणूपर्यंत तोही बाहेर बघत बसला.

सोमवारी पहिली चाचणी झाली. चिकूंना पाणी द्यायची तीन हॉर्सपॉवरची मोटार रेडिएटरला जोडली आणि बटण दाबलं. पाइप निसटला, सापासारखा उठला आणि खोलीभर फिरला. बाबांची गादी, उशी, रेल्वेने निवृत्तीच्या वेळी दिलेलं घड्याळ, सगळं न्हाऊन निघालं.

नीता दारात आली. "झाली का गार?"

"ओली झाली," मी खरं ते सांगितलं.

पण मी हटणारा नव्हतो. मंगळवारी जितूभाईकडून अर्ध्या हॉर्सपॉवरची छोटी मोटार आणली आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मोटारीची निम्मी ताकद पाणी चढवण्यात जाते आणि निम्मी आपल्या मूर्खपणात, म्हणजे नको तिथल्या वळणांत आणि बारीक पाइपात. आमच्या पाइपाला अकरा वळणं होती. मी ती तीनवर आणली. त्यासाठी पाइप सरळ न्यावा लागला आणि सरळ रेषा नेमकी नीताच्या ओट्यावरून जात होती.

"अहो, मी पोळपाट कुठे ठेवू?"

"पाइपावर ठेव. गार राहील."

त्यावर ती जे बोलली ते मी विज्ञानाच्या वहीत लिहिलेलं नाही. परतीच्या पाइपाचं तोंड मात्र मी विहिरीच्या पाण्याखाली बुडवलं. त्यामुळे खाली उतरणारं पाणी चढणाऱ्या पाण्याला ओढून घेतं आणि मोटारीवरचा भार हलका होतो. हे बघून जितूभाईने पहिल्यांदाच मान डोलावली. "आ बात बरोबर छे, मास्तर!" मला त्या रात्री जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

शुक्रवारी खोली तेहतीसपर्यंत उतरली आणि तिथेच अडली. पाण्याला जोर नव्हता. जितूभाईने विहिरीतला पाइप ओढून वर काढला. पाइपाच्या खालच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो आणि त्याला कचरा अडवायला जाळी असते. जाळीला चिकूची पानं घट्ट चिकटली होती.

"दर दोन दिवसांनी साफ करा. बस."

"जाळीच काढली तर?"

"जाळी काढू नका, मास्तर. जाळी उगीच नसते."

"पण जाळी म्हणजे अडथळा!"

"हां. तिचं कामच ते आहे."

तो तलासरीला गेला आणि मी जाळी काढली! एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? पाइप जितका लांब तितकं घर्षण जास्त, म्हणून खालून चार फूट पाइपही कापला आणि व्हॉल्व्ह पुन्हा टोकाला बसवला. आता त्याचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभरच राहिलं. पानं मी जाळ्याने आधीच गोळा केली होती, तेव्हा काळजी नव्हती. मोटार सुरू केली आणि पाणी असं धावलं की रेडिएटर गुणगुणायला लागला. शनिवारी संध्याकाळी मी मोटार दोन तास चालवली. खोली तीस अंश! मी नीताला बोलावून थर्मामीटर दाखवला.

"छान," ती म्हणाली. "बाबा कुठे आहेत?"

बाबा विहिरीवर होते. मी म्हटलं, त्यांना अजून कळलेलं नाही.

रविवारी बारा वाजता सुहास आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मी ताटं मुद्दाम बाबांच्या खोलीत मांडली. आमरस, पुऱ्या, बटाट्याची भाजी. मोटार लावली, पंखा लावला आणि सुहासला थर्मामीटर धरायला दिला. बाहेर ऊन पेटलेलं आणि आत माझा भाऊ आकडा खाली उतरताना बघतोय! त्याच्या चेहऱ्यावर कौतुक दिसायला लागलं होतं. तेवढ्यात त्याने नाक वर केलं.

"वहिनी, सुकट भाजताय का?"

"आमरसाबरोबर? नाही बाई!"

"सुकट आहे?" बाबांनी मान वर केली. "मग मला का नाही वाढली?"

"बाबा, सुकट नाहीये!"

"वास येतोय. लपवून ठेवलीय तुम्ही. म्हाताऱ्याला काही कळत नाही, असं समजता."

वास वाढत गेला. पंखा तो आमच्या तोंडावर नेमाने मारत होता. मग रेडिएटरचं गुणगुणणं थांबलं आणि तो गुरगुरू लागला. आकडा पुन्हा वर चढला. एकतीस. बत्तीस. सुहासने थर्मामीटर ताटाशेजारी ठेवला आणि माझ्याकडे दयेने बघितलं. दया मला सहन होत नाही.

"हवा अडकलीय," मी म्हणालो. "झाकण सैल केलं की सुटेल."

"आधी मोटार बंद करा!" नीता ओरडली.

मी झाकण फिरवलं. हवा नव्हती. पाण्याचा फवारा छताला लागला आणि छतावरून आमच्या सगळ्यांवर आला, आणि त्या पाण्यात नखाएवढे मासे होते, काही जिवंत, काही शनिवारचे! सुहासच्या पांढऱ्या शर्टावर मासे, पुऱ्यांवर मासे, माझ्या चष्म्यावर एक. सुहासच्या वाटीतल्या आमरसात एक पडला आणि शेपटी हलवू लागला.

दर वर्षी आरोग्य खात्याच्या ताई येऊन आमच्या विहिरीत गप्पी मासे सोडतात. ते डासांच्या अळ्या खातात, पाण्याच्या वरच्या थरात राहतात, नेमके माझ्या कापलेल्या पाइपाच्या तोंडाशी. हा धडा मी शाळेत दर वर्षी शिकवतो. आकृती काढून शिकवतो.

नीताने मोटार बंद केली. बाबा सावकाश उठले, सुहासच्या वाटीत वाकून बघितलं आणि मग माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

"दिल्या, हे माझे आहेत रे."

तेव्हा मला ती अर्धी चपाती आठवली. इतकी वर्षं ती विहिरीत जात होती, बोटांनी चुरून, चिमूट चिमूट. बाबांना दुपारी भूक लागत नव्हती आणि खोलीत उकडतही नव्हतं. आईच्या मागे दुपारी कोणीतरी आपली वाट बघतंय, एवढंच त्यांना हवं होतं, आणि मी त्यातले निम्मे सोबती रेडिएटरमध्ये कोंबले होते. मला रडू आलं. चष्म्यावरच्या माशामुळे ते कोणाला दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?" मी नीताला विचारलं.

"मी विचारलं होतं ना त्यांना."

मग आम्ही चौघे गुडघ्यांवर बसलो. वाट्या, तांब्या, चहाची गाळणी, जे हाताला लागेल ते घेऊन जिवंत मासे गोळा केले. सुहास आमरसातला मासा धुऊन बादलीत सोडताना त्याला "सॉरी" म्हणाला. बादलीत मोजून एकोणीस जमले. बाकी विहिरीत किती राहिले, ते बाबा कठड्यावरून वाकून बघायला लागले, तशी सुहासने त्यांची कंबर धरली. चपातीचा चुरा पडला आणि पाण्यावर ठिपके जमले. बरेच होते! बाबांनी श्वास सोडला.

"चला बाबा," सुहास हळूच म्हणाला. "गाडीत बसा. आमच्याकडे फिशटँक घेऊ."

मी मान खाली घातली.

"मी येत नाही," बाबा म्हणाले. "इथे ऊन लागतं ना? मग इथे सावली करा. भोवळ येते ना? कठडा उंच करा. एवढं सोपं आहे. नीताने मला केव्हाच सुचवलं होतं, पण घरातली सगळी माणसं रेडिएटरला लागलेली!"

त्याच संध्याकाळी जितूभाईला बोलावलं. त्याने विहिरीभोवती लोखंडी नळ्यांचा कठडा बसवला, सुहासने ओल्या शर्टात बांबू धरले, नीताने माडाच्या झापांचं छप्पर बांधून घेतलं. मी नळ्या हातात द्यायचं काम केलं. (दुसरं काही मला दिलं नाही.) छपराखाली थर्मामीटर टांगला, तर एकतीस अंश. मोटार नाही, पाइप नाही, वळण एकही नाही.

निघताना सुहासने एकदा शेवटचं विचारून बघितलं. "बाबा, खरंच येत नाही? दादा आहे ना इथे, तो बघेल माशांकडे."

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"याच्या भरवशावर ठेवू? सुहास, हा विज्ञान शिकवतो रे!"